वडिलांच्या अक्षरातला अर्ज

माझा स्वभाव संशयी आहे. ही गोष्ट पहिल्याच ओळीत कबूल करून टाकतो, कारण आमच्या विभागप्रमुखांनी ती पार जर्मनीपर्यंत लेखी कळवलेली आहे. आता झाकून ठेवण्यात काही अर्थ उरलेला नाही. दूधवाल्याने "आज दूध चांगलं हाये" म्हटलं की कालचं कसं होतं, हा प्रश्न मला पडतो. कोणी विनाकारण हसून बोललं की घरी येऊन मी त्याचं कारण शोधत बसतो. असा माणूस सुखी नसतो, पण बेसावधही नसतो, असं तेव्हा मला वाटायचं.

पन्नासच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि राजधानी नागपूर. नागपूरहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी वर्ध्याच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो होतो. पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांची नोंद ठेवायची, ब्युरेट कशी धरायची ते दाखवायचं, आणि खळीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग येतो हे दरवर्षी नव्या पोरांना नव्या उत्साहानं सांगायचं, एवढंच काम. हे शेवटचं लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याच अंगाशी आलं.

नालवाडीला दोन खोल्यांत मी आणि बाबा राहत होतो. आई मी शाळेत असतानाच गेली. बाबा अर्जनवीस होते. कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली सतरंजी टाकून, उतरत्या झाकणाची लाकडी पेटी पुढ्यात घेऊन ते दिवसभर लोकांचे अर्ज लिहीत. ज्यांना लिहिता येत नाही ते तर त्यांच्याकडे यायचेच, पण चांगले शिकलेले लोकही यायचे. कारण बाबांचं अक्षर. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषा त्यांच्या टाकाखाली सारख्याच वळणदार उतरायच्या. मास्तरकी मागायची असो, बदली टाळायची असो, नाहीतर मुलीच्या सासरी जपून काही लिहायचं असो, कागद बाबांच्या हातचाच हवा. आमच्याकडे समजूतच अशी होती की वेड्यावाकड्या अक्षरात अर्ज देणं म्हणजे समोरच्या साहेबाचा अपमान. चांगल्या हाताकडून लिहून घ्यावं आणि खाली आपण सही करावी. यात काही लबाडी आहे असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

आणि लबाडी नव्हतीच. कारण प्रत्येक कागदाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, बाबा 'लिहिणार' असं लिहून पुढे स्वतःचं नाव आणि परवान्याचा नंबर टाकत. नियम सरकारचा होता, पण बाबांच्या तो हाडीमासी खिळला होता. घरच्या वाणसामानाच्या यादीखालीसुद्धा त्यांनी चुकून 'लिहिणार' टाकल्याचं मी पाहिलेलं आहे.

जर्मनीचं खूळ माझ्या डोक्यात नागपूरच्या लायब्ररीत शिरलं. माझा विषय कापसाचा तंतू. कापसाच्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला दुसरा विषय कुठून सुचणार! लायब्ररीत जर्मन नियतकालिकं महिनोन्‌महिने उशिरानं यायची. त्यातल्या प्रत्येक लेखाच्या पायथ्याशी तो लिहिणाऱ्या प्राध्यापकाच्या संस्थेचा पत्ता असायचा. मी ते पत्ते एका वहीत उतरवून घेऊ लागलो. तिकडे जाऊन आलेल्या एका गृहस्थाने मला सांगितलं होतं की तिथे डॉक्टरेटला प्रवेशाचा फॉर्मच नसतो. प्राध्यापकाला थेट पत्र लिहायचं. त्याला माणूस पसंत पडला तर तो आपल्या प्रयोगशाळेत जागा देतो. अर्धा दिवस त्याच्या संस्थेचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात आपला प्रबंध. सगळं त्या एका माणसाच्या मर्जीवर.

हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी जेवता जेवता हात थांबवला.

"फॉर्म नाई?"

"नाही."

"कोर्टाचं तिकीट? मोहर? शेवटची तारीख?"

"काही नाही. नुसतं पत्र."

"मंग हे काम सरकारी नाई. अन् जे सरकारी नाई त्यात फसवनूक हाये, बाबू. हा मानूस तुले वळखते का? नाई वळखत. मंग थो तुले आपल्या इथं काऊन ठेवून घेईन?"

 माझ्या अंगी संशय कुठून आला, हे यावरून कोणालाही कळेल.

कॉलेजात माझ्या जोडीला आणखी एक डेमॉन्स्ट्रेटर होता. माझ्याच वयाचा. रोज पुलगावहून गाडीने यायचा आणि दुपारी डबा उघडला की अर्धा माझ्यापुढे सरकवायचा. बाहेर जायचं खूळ त्यालाही होतं. "आपन दोघंबी लिहू ना यार," तो म्हणाला. "तुले नाई भेटली तं मले भेटन, मले नाई तं तुले." इतकं सरळ बोलणाऱ्या माणसाची मला धास्तीच वाटते. आमचा विषय एकच, पदवी एकच, आणि मार्क त्याचे थोडे जास्त. पत्त्यांची वही मी दुसऱ्या दिवसापासून घरी ठेवू लागलो.

मी डझनभर पत्रं टाइप करून पाठवली. दोनच उत्तरं आली. एक प्राध्यापक म्हणाले, जागा नाही आणि पुढची काही वर्षं होण्याचा संभव नाही. दुसरं उत्तर दोन पानी होतं आणि जर्मनमध्ये होतं. वर्ध्यात तेव्हा जर्मन वाचणारं एकच माणूस मला ठाऊक होतं. गावाबाहेर आश्रमाच्या बाजूला एका दवाखान्यात काम करणाऱ्या एक वयस्क परदेशी बाई. खादीचं लुगडं नेसायच्या आणि ठसक्यात हिंदी बोलायच्या. माणूस आपला देश सोडून इथे रोग्यांच्या पट्ट्या बांधायला का येतो, याबद्दल माझ्या मनात एरवीच पाल चुकचुकत असे. पण अडला होतो.

बाईंनी चष्मा लावून पत्र वाचलं. प्राध्यापक कापसाच्या तंतूवरच काम करत होते आणि त्यांच्याकडे एक जागा रिकामी होणार होती. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या. प्रमाणपत्रांच्या प्रती, माझ्या प्राध्यापकांचं बंद पाकिटातलं शिफारसपत्र, आणि माझ्या आयुष्याची हकीकत.

"हाथ से लिखी हुई," बाई म्हणाल्या. "टाइप नहीं चलेगा. हाथ से."

हाताने लिहिलेली, म्हणजे कोणाच्या हाताने, हे विचारायचं मला सुचलं नाही. वर्ध्यात ते कोणालाच सुचलं नसतं. साहेबाला सुंदर अक्षरातला कागद हवा आहे आणि तसा कागद लिहिणारा जिल्ह्यातला पहिल्या नंबरचा माणूस माझ्या घरात आहे, एवढंच मला कळलं. घरी जाताना मी चक्क खुशीत होतो.

बाबांनी रविवारी सकाळी अंगणात पेटी मांडली. मी इंग्रजी मजकूर सांगत गेलो आणि ते लिहीत गेले. कुठे जन्मलो, कुठे शिकलो, तंतूवर काय काम केलं. ते कागदाच्या अगदी जवळ नाक नेऊन लिहीत होते आणि मधूनमधून पेटी उन्हाकडे सरकवत होते. दीड पानाला अख्खी सकाळ गेली. हे मुद्दाम रेंगाळताहेत, असं मला वाटलं. मुलगा गेला तर घरात एकटेच उरणार, म्हणून पाय ओढत असतील. कागद पुरा झाला आणि मी सही करायला हातात घेतला, तर खाली डाव्या कोपऱ्यात 'लिहिणार', त्यांचं नाव, परवान्याचा नंबर. इंग्रजीत, व्यवस्थित.

"हे काय?" मी म्हणालो.

"काऊन? लिहिनाराचं नाव."

"बाबा, हा कचेरीतला अर्ज नाही. हे काढून टाका."

"लिहिनाराचं नाव नसलं तं कागद लंगडा होते. अन् खोटाबी होते."

खरं सांगतो, मला लाज वाटली. तिकडचा एवढा मोठा प्राध्यापक आणि माझ्या आयुष्याच्या हकीकतीखाली झाडाखालच्या अर्जनवीसाचा परवाना नंबर! मी आवाज चढवला. नवा कागद घ्या आणि पुन्हा लिहा, म्हणालो. बाबांनी तो कागद घडी करून पेटीत टाकला. मग त्यांनी नवा कागद घेतला. दुसरी प्रत पुरी व्हायला दोन दिवस लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या हातचा कागद स्वतःच्या नावाशिवाय सोडला.

शिफारसपत्राचं वेगळंच झालं. विभागप्रमुखांनी ते लिहून, पाकीट बंद करून माझ्याच हातात दिलं. "घे, तूच टाक पोस्टात, मला कुठे वेळ." आता एवढ्या सहज दिलेल्या पाकिटात काय असेल? हे सर कधी तोंडावर चांगलं बोलायचे नाहीत. उजेडासमोर धरलं तर काही दिसेना. शेवटी दुपारी बाबा कचेरीवर असताना मी स्टोव्हवर पाणी ठेवलं आणि वाफेवर ते पाकीट उघडलं.

पत्र चांगलं होतं. मेहनती, अचूक, प्रामाणिक, असं सगळं होतं. शेवटी एक वाक्य होतं: 'स्वभाव संशयी आहे, मात्र प्रयोगशाळेत हा दोष मानता येणार नाही.' संशयी! मी! वाफेवर उघडलेलं पाकीट हातात धरून मी त्या वाक्यावर कितीतरी वेळ चिडत उभा होतो. मग मैद्याची खळ केली आणि पाकीट पुन्हा चिकटवलं. काम इतकं सफाईनं झालं की माझं मलाच कौतुक वाटलं.

त्याच आठवड्यात पुलगावच्या मित्राने डबा उघडता उघडता विचारलं, "तुले जिथून उत्तर आलं म्हने, थो पत्ता मले देतं का? मीबी एक चिठ्ठी टाकतो."

उत्तर आल्याचं याला कोणी सांगितलं? मनातल्या मनात मी पोस्टमनपासून बाईंपर्यंत सगळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. तोंडाने म्हणालो, "देतो की." आणि कागदाच्या चिटोऱ्यावर त्याला पत्ता लिहून दिला. ज्या प्राध्यापकांनी जागा नाही म्हणून कळवलं होतं, त्यांचा. त्याने तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि मला लोणच्याची जास्तीची फोड दिली.

सगळे कागद बाबांनी स्वतः रजिस्टर करून टाकले. पोस्ट त्यांच्या कचेरीजवळच होतं. मग वाट पाहणं सुरू झालं. एक महिना गेला, दुसरा लागला. त्या दिवसांत मी कोणाकोणावर संशय घेतला याची यादी करायला बसलो तर पान पुरणार नाही. पोस्टमन परदेशी तिकिटांसाठी पत्रं दाबतो. सरांनी मागून दुसरं पत्र पाठवलं. मित्राने खरा पत्ता कुठून तरी मिळवला. आणि हळूहळू हे सगळे मागे पडून एकच माणूस पुढे आला. कागद पोस्टात टाकायला कोणी नेले होते? पहिल्या दिवसापासून फसवणूक आहे असं कोण म्हणत होतं? मी गेलो तर कोणाचं घर रिकामं होणार होतं?

एका सकाळी बाबा आंघोळीला गेले असताना मी त्यांची पेटी उघडली. वरचे कोरे कागद, टाक, दौत, त्याखाली लोकांचे अर्धवट अर्ज. तळाशी घडी घातलेला एक कागद सापडला. माझ्या हकीकतीची ती पहिली प्रत, 'लिहिणार'वाली. पाकीट नव्हतं, पण रजिस्टरची पावतीही नव्हती. मी घाईघाईनं सगळं होतं तसं ठेवलं. पावती नाही म्हणजे पोस्टात टाकलंच नाही, हे माझ्या मनानं घेतलं. त्याच दुपारी कॉलेजात बसून मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या त्या बोकडाच्या पायासारख्या अक्षरात, प्राध्यापकांना आठवणीचं पत्र लिहिलं आणि स्वतः जाऊन टाकलं. कोणाच्या भरवशावर राहायचं नाही, असं ठरवूनच टाकलं.

उत्तर लगेच आलं. मी सायकल मारत दवाखान्यात गेलो. बाईंनी पत्र उघडलं, वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग पत्र खाली ठेवून त्यांनी विचारलं,

"यह जीवन-कथा आपने लिखी?"

"माझीच आहे."

"आपके हाथ ने लिखी?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. बाईंनी समजावून सांगितलं. त्यांच्याकडे आयुष्याची हकीकत स्वतःच्या हातानं लिहून मागतात ती सुंदर दिसावी म्हणून नव्हे. अक्षरावरून माणूस ओळखता यावा म्हणून. कोणी कसं वळण दिलं, कुठे घाई केली, कुठे हात अडखळला, ते बघतात. प्राध्यापकांपुढे माझं दीड पान होतं वृद्ध, शांत, सराईत हाताचं; आणि त्याच माणसाचं म्हणून आलेलं आठवणीचं पत्र होतं भलत्याच हाताचं. 'यांपैकी आपण कोण?' असं त्यांनी विचारलं होतं.

एवढ्यावर भागलं नव्हतं. शिफारसपत्राचं पाकीट उघडताना त्यांच्या सहायकाला त्याची कड जाड वाटली होती. त्याने तिथे आयोडीनचा थेंब टाकला. कड निळी झाली. पाकिटाला मुळात असतो त्या डिंकाला तो रंग येत नाही, हे त्यांनी मला विनयाने कळवलं होतं. रसायनशास्त्रज्ञांचं पाकीट मी मैद्याच्या खळीनं चिकटवलं होतं! मी, डेमॉन्स्ट्रेटर!

शेवटी लिहिलं होतं की महिनाभर जागा अडवून ठेवत आहे. खुलासा समाधानकारक वाटला नाही तर दुसऱ्या अर्जदाराला बोलावण्यात येईल.

माणूस चुकला की त्याला आधी दुसरा कोणीतरी लागतो. मी सायकल थेट कचेरीसमोर नेली. कडुनिंबाखाली बाबांभोवती चारपाच माणसं बसली होती. त्या सगळ्यांसमोर मी ओरडलो, "तुमच्या अक्षरानं मला बुडवलं! आणि पत्र कधी टाकलं त्याची पावती दोन महिन्यांत एकदाही दाखवली नाही!"

बाबांनी टाक पुसून ठेवला. "काय लिहिलं त्यायनं, थे वाचून दाखव," म्हणाले. मी मराठीत सांगितलं. हस्ताक्षराचं सांगितलं. खळीचं सांगताना आवाज आपोआप खाली आला. बाबांनी टोपी काढली. टोपीच्या आतल्या पट्टीतून चौकोनी घडीचा कागद काढून माझ्यापुढे धरला. रजिस्टरची पावती होती. कागद दिल्याच्या दुसऱ्याच दिवसाची.

"भिजू नये म्हनून टोपीत ठेवली होती," ते म्हणाले. "पेटीत पाह्यली तू, नाई? कागदाच्या घड्या मोडल्या होत्या. मले तवाच समजलं. म्हटलं, इचारन मले. तू इचारलंच नाई."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जमलेल्या माणसांपैकी कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं, यानं तर जास्तच मेल्यासारखं वाटलं.

बाबांनी पेटी उघडली. तळाची ती पहिली प्रत काढून माझ्या हातात दिली. "हे लाव सोबत. यात मी हाये. कोनाले काही पुसायची गरज नाई पडत." मग ते सतरंजीवरून उठले, आपली जागा मोकळी केली आणि टाक माझ्यापुढे धरला. "बस. आता तूच लिही."

अर्जनवीसाच्या जागेवर बसून, भर दुपारी, लोकांच्या देखत मी माझा पहिला खरा अर्ज लिहिला. दोन ठिकाणी डाग पडले, पण नवा कागद घेतला नाही. लिहिलं की हकीकत माझी आहे, हात माझ्या वडिलांचा. त्यांनी आपलं नाव खाली घातलं होतं, ते मी लाजेपोटी काढायला लावलं. पाकीट मीच वाफेवर उघडलं, कारण मी माझ्या गुरुजनांवर विश्वास ठेवला नाही. पहिली प्रत सोबत जोडली आहे. बाबा शेजारी उभे होते, पण एका शब्दाचं स्पेलिंगसुद्धा त्यांनी सुधारलं नाही. मी सही केल्यावर मात्र त्यांनी डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"लिहिनार कोन, थे टाक."

मी लिहिलं: लिहिणार, मी स्वतः.

सरांकडेही गेलो आणि सगळं सांगितलं. सरांनी दुसरं शिफारसपत्र लिहून स्वतः पोस्टात टाकलं. त्यात त्यांनी काय लिहिलं ते मला आजतागायत ठाऊक नाही. न जाणता जगायची सवय मला तिथून लागली म्हणा.

प्राध्यापकांचं उत्तर चार ओळींचं होतं. माझं अक्षर फार वाईट आहे. प्रयोगवही तरी वाचता येईल इतपत सुधारावं. संशयी माणूस त्यांना चालेल, दुसऱ्याची पाकिटं उघडणारा चालणार नाही. हिवाळी सत्र सुरू होण्याआधी हजर व्हावं. पहिले सहा महिने पारख करून बघू. बाई वाचताना हसल्या. बाबांना ऐकवलं तर ते म्हणाले, "मानूस नियमाचा दिसते." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शिफारस मी कधी ऐकली नाही.

निघायच्या आधी एक गोष्ट व्हायची होती, ती झाली. डबा खाताना पुलगावच्या मित्राने एक पत्र माझ्यापुढे ठेवलं. मी दिलेल्या पत्त्यावरून त्याला उत्तर आलं होतं, इंग्रजीत. जागा नाही, आपल्याच कॉलेजातल्या एका गृहस्थांना हेच काही महिन्यांपूर्वी कळवलं आहे. मी पत्र वाचलं आणि मान वर करेना.  त्याने पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि रोजच्यासारखा अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला.  माफी मागायला हवी होती. मागितली नाही. उलट, हा इतका गप्प का, याच्या मनात काय शिजतंय, हेच मी बघत राहिलो.

मुंबईच्या गाडीत बसवायला तो वर्धा स्टेशनवर आला. माझा होल्डॉल त्यानेच आत चढवला. "तिकडचा पत्ता तं देजो," म्हणाला. मी लिहून दिला, या वेळी खरा. त्याने तो चिटोरा उजेडाकडे धरून दोनदा वाचला. बाबा खिडकीच्या गजाला धरून उभे होते. गाडी हलली तेव्हा ते माझ्या दिशेने बघत होते, पण माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला. कोणाकडे बघताहेत म्हणून मी वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

तिकडे बाबांची पत्रं यायची. त्याच वळणाची, पण ओळी हळूहळू मोठ्या आणि विरळ होत गेलेल्या. दुसऱ्या हिवाळ्यात एक पाकीट आलं. वर पत्ता अनोळखी अक्षरात. माझ्या मनात काय काय आलं ते आता सांगत नाही. जिन्यातच उभं राहून मी ते उघडलं.

मजकूर बाबांचाच होता, बोलत असल्यासारखा. 'डोयात मोतीबिंदू उतरला. तू इथं होता तवाच सुरू झालं होतं, अर्ज लिहून राह्यलो होतो तवा कागदावरची ओळ दिसत नव्हती, म्हनून येळ लागला. तुले सांगतलं असतं तं तू गेला नसता. आता पेटी बंद केली. हा पोरगा दर रविवारी पुलगावहून येते, पेपर वाचून दाखवते. माह्या तब्येतीची काळजी करू नको. अक्षर सुधार.'

खाली डाव्या कोपऱ्यात 'लिहिणार', आणि पुढे माझ्या डबा वाटून खाणाऱ्या मित्राचं नाव. त्याच्याखाली, बाबांच्या मजकुरापासून थोडं अंतर सोडून, त्याने स्वतःची अशी एकच ओळ लिहिली होती:

'पत्ता बरोबर असला तं पोच देजो.'

त्या पत्राची पोच लिहायला मला चार दिवस लागले.